मागच्या बाकावरचा उपवासकाळ

डोंगराच्या बाजूच्या सावरी फुटल्या आणि त्यांचा कापूस उडत उडत गच्चीवरच्या ओल्या कपड्यांना चिकटायला लागला, की मुलुंडमध्ये उपवासकाळ अर्धा सरलेला असतो. पूर्वेला खाडीकडे मिठागरांत मिठाचे पांढरे ढीग लागतात. पश्चिमेला डोंगर करपतो. मधल्या पट्टीत आम्ही राहतो, आग्रा रोडवरच्या कारखान्यांच्या भोंग्यावर घड्याळं लावणारी माणसं. ईस्टरपर्यंत आमच्या घरांत मटण शिजत नाही, लग्नं लागत नाहीत, चर्चमध्ये फुलं ठेवत नाहीत. प्रत्येकानं आपापलं अंतःकरण झाडायचं, असे हे दिवस. लहानपणी मला ते आवडत. घर झाडताना पलंगाखाली हरवलेल्या वस्तू सापडतात, तसं काहीतरी सापडेल असं वाटे.

यंदा तो कापूस उडायला लागला तेव्हा आमच्या घरात एकच प्रश्न होता. पप्पा दानिएलकाकांच्या दाव्यात कोर्टात उभे राहणार की नाही?

दानिएलकाकांना जाऊन पाच वर्षं होत आली. ज्या ठेकेदाराच्या कामावर असताना ते गेले, त्याच्यावर त्यांच्या बायकोनं, सुलभाकाकूंनी, भरपाईचा दावा लावलाय. तो म्हणतो की हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हताच. बरोबरचे मजूर केव्हाच आपापल्या मुलखात पांगले. काकांना कामावर घेतलं हे स्वतःच्या कानांनी ऐकलेला आणि अजून मुलुंडमध्ये राहणारा, ठेकेदाराच्या नात्यात नसलेला एकच माणूस आहे, तो माझा बाप. पण तो ठेकेदारही आमच्यातलाच, स्टीफनसाहेबांचा मेहुणा. स्टीफनसाहेब आमच्या चर्चच्या पंचकमिटीचे खजिनदार. आणि मंडळीतल्या माणसानं मंडळीतल्या माणसाविरुद्ध कोर्टाची पायरी चढू नये, अशी आमची शिकवण. तेव्हा पप्पा पाच वर्षं गप्प होते. यंदाची तारीख ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या मंगळवारची लागली होती.

मी चर्चच्या प्रचारपत्रिकांवर वाढले. आमच्या पलंगाखाली त्यांचे गठ्ठे असत, सुतळीनं बांधलेले, शाईच्या आणि डांबरगोळ्यांच्या वासाचे. चार पानांची घडी. पहिल्या पानावर दारुड्या, दुसऱ्यावर त्याची रडणारी बायको, तिसऱ्यावर कुणीतरी भला म्हातारा भेटतो आणि चौथ्यावर दारुड्या गुडघे टेकतो. त्यानंतर काय होतं, त्याला नोकरी मिळते का, बायको पुन्हा हसते का, हे कुठल्याच पत्रिकेत नव्हतं. मला अक्षरं त्यांच्यावरूनच आली. पप्पा वॉर्ड ऑफिसात कारकून. कामावरून सुटले की भाजी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पत्रिका वाटायचे. चणेवाला त्यांच्याकडून मूठभर घ्यायचा आणि त्यांच्यासमोरच पुड्या बांधायचा. पप्पा म्हणायचे, "चणे संपल्यावर तरी वाचतील."

एक पत्रिका त्यांनी स्वतः लिहिली होती. तिचं नाव 'दोन ताटं'. एका माणसाला दोन ताटांत जेवता येत नाही, प्रभूच्या भोजनाला बसणाऱ्यानं मूर्तीपुढं ठेवलेलं अन्न खाऊ नये, असा तिचा सारांश. आमची मंडळी नगरकडून आलेली. आसपास सगळी कोकणातली हिंदू घरं. सत्यनारायणाचा शिरा, गणपतीचे मोदक, नवरात्राचा प्रसाद, वर्षभर दारात काही ना काही यायचंच. आई ते हसून घ्यायची आणि दाराआड ठेवून द्यायची. मोलकरीण आली की तिच्या हाती जायचं. पप्पांची पत्रिका निघाली आणि पंचकमिटीनं तिच्यावरून नियमच केला. असं अन्न खाणारा पश्चात्ताप करेपर्यंत मागच्या बाकावर बसेल. पाव आणि द्राक्षारस त्याच्यापर्यंत जाणार नाही.

मागचा बाक दाराजवळ होता. त्याच्यावर एरवी छत्र्या ठेवत.

दानिएलकाका पप्पांचे सोबती. आग्रा रोडवरच्या एका कंपनीत टर्नर होते आणि चर्चमध्ये ढोलकी वाजवायचे. त्यांच्या बोटांना ऑइलचा वास यायचा, तो रविवारीही जात नसे. मला ते नावानं कधीच हाक मारत नसत.

"काय गं पत्रिके, आज कुणाला तारलंस?"

पप्पांनाही सोडत नसत. "दादा, तुमचा दारुड्या चौथ्या पानावर सुधारतो. माझा सासरा चाळिसाव्या पानावर आहे, अजून बाटली हातात."

पप्पा हसू दाबत म्हणायचे, "प्रार्थना कर."

"करतो की. पण पानं संपत आली ना, यार."

चौऱ्याऐंशीच्या त्या उपवासकाळात काकांच्या कंपनीला टाळं लागलं होतं. गेटवर पोलिसांची गाडी, समोर कामगारांचा मांडव, आणि मांडवात दिवसभर पत्ते आणि भाषणं. कंपनीनं एक कागद काढला. त्यावर सही करेल त्याला आत घेणार. कागदावर लिहिलं होतं की मी दगडफेकीत सामील होतो, मला त्याचा खेद आहे, पुन्हा असं वागणार नाही. स्टीफनसाहेब त्याच कंपनीच्या टाइम ऑफिसात होते. कागदावर सह्या घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या अंगणात त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. मी आणि आई शेजारीच चपला शोधत होतो.

"सही कर रे दानिएल. एक कागद तर आहे. देव कागद बघत नाही, अंतःकरण बघतो."

"साहेब, अंतःकरणातच तर आहे, की मी दगड मारला नाही."

"अरे, पण मारलास असं म्हणतंय कोण?"

"तुमचा कागद म्हणतोय."

आई खाली मान घालून हसली. घरी जाताना मात्र म्हणाली, "हसले खरी, पण त्याच्या पोरांकडं बघवत नाही."

तेव्हा मी बारावीला होते. त्या उन्हाळ्याचा आठवणारा रंग म्हणजे काकांच्या घरच्या चहाचा. आधी त्यातलं दूध कमी झालं, मग साखर, मग चहाच. सुलभाकाकू कप पुढं करायच्या आणि स्वतःच्या हातात रिकामा कप धरून बसायच्या, म्हणजे त्याही पितायत असं वाटावं. त्यांची दोन मुलं जेवणाच्या वेळी आमच्याकडे यायची आणि दारातूनच सांगायची, "आम्ही जेवून आलो." कुणी विचारलेलं नसायचं. चर्चचा एक गरीब निधी होता. पप्पांनी काकांचं नाव काढलं तेव्हा स्टीफनसाहेब शांतपणे म्हणाले, "ज्याची नोकरी दारात वाट बघतेय, त्याला गरीब म्हणता येत नाही." सगळ्यांनी मान डोलावली. पप्पांनीही डोलावली. वाद घालायचा नाही, हीदेखील एक पवित्रताच होती.

त्या वर्षी झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आदला रविवार, आणि हनुमान जयंती एकाच दिवशी आली. आम्ही मिठागरांच्या कडेच्या शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्या होत्या. पहाटेपासून ऊन. गात गात आमची मिरवणूक काकांच्या चाळीवरून निघाली, तर मारुतीच्या देवळापुढं चुली पेटलेल्या, पातेल्यांतून आमटीची वाफ, पुऱ्यांचा खमंग वास. भंडारा टाळेबंदीतल्या कामगारांनीच वर्गणी करून घातला होता. ढोलकी गळ्यात अडकवून दानिएलकाका पुढं होते. देवळापाशी त्यांचा ठेका जरा चुकला. मी वळून पाहिलं. ते भटारखान्याकडं बघत नव्हते, मुलांकडं बघत होते. मुलांच्या हातात झावळ्या होत्या आणि माना पुऱ्यांकडं वळलेल्या.

पुढं काय झालं ते मला शनिवारी कळलं. ते कुणी चहाडी करून सांगितलं नाही.

आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी तयारीची सभा होते. सकाळी भोजनाला बसायचं तर मनात काही दडवून बसायचं नाही. ज्याला जे बोलायचं ते त्यानं उभं राहून बोलावं, अशी रीत. पाळक शहरातून थेट रविवारी यायचे, म्हणून ही सभा सेक्रेटरी या नात्यानं पप्पा चालवत. दरवर्षी तेच लोक उभे राहायचे, त्याच कबुल्या द्यायचे. मी प्रार्थनेत डुलकी घेतली. मी शेजारणीचा हेवा केला. शालिनीबाई दरवर्षी सासूला उलट बोलल्याचं सांगून डोळे पुसायच्या. सासू वारली तरी हे चालूच होतं. स्टीफनसाहेबही उभे राहायचे. "मी घरात चिडलो," म्हणून बसायचे.

त्या शनिवारी खिडक्या उघड्या होत्या आणि वाळत चाललेल्या झावळ्या भिंतीवर खुडखुडत होत्या. दानिएलकाका उभे राहिले. ते असे कधी उभे राहत नसत. मला वाटलं, आता काहीतरी गंमत करणार.

"झावळ्यांच्या रविवारी मी मारुतीच्या भंडाऱ्यात जेवलो," ते म्हणाले. "पोरंही जेवली. हिनं घेतलं नाही, म्हणून हिला यात धरू नका. शेजारच्या सावंतानं हाताला धरून बसवलं. म्हणाला, देव काय तुझो नि माझो बघून भूक लावता? बस खाली. मी बसलो. आभार मानले आणि जेवलो. कुणी पाहिलेलं नाही. पण दडवून उद्या पाव घ्यायचा नाही, म्हणून सांगितलं."

मला त्या क्षणी कळलं की हा माणूस आम्हां सगळ्यांपेक्षा देवाला जास्त भितो, आणि आता आम्ही त्याला त्याचंच बक्षीस देणार.

स्टीफनसाहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "नियम तर आहे." आवाजात राग नव्हता. पिशवीत छत्री आहे, असं सांगावं तसं.

पप्पांनी टेबलाची कड धरली. "दानिएल, पश्चात्ताप होतोय म्हण. एवढंच म्हण. आपण प्रार्थना करू आणि संपलं."

"कशाचा, दादा?"

"खाल्ल्याचा."

काका विचार करत उभे राहिले. खरंच विचार करत होते, हट्ट नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. "होत नाही. शोधला मी. आठवडाभर शोधला. पोरं जेवली ना, त्याचा मला आनंद झाला. आता तुम्हाला पश्चात्ताप झाला म्हणून सांगितलं, तर ते खोटं होईल."

"अरे, शब्द आहे एक."

"तो कागदही तसाच एक होता, दादा."

पप्पांनी पंचकमिटीची वही उघडली. मग नियम वाचून दाखवला. स्वतःच्याच पत्रिकेतली वाक्यं ते वाचत होते.

ईस्टरच्या सकाळी आई चर्चच्या मागच्या खोलीत पावाचे चौकोनी तुकडे करत होती. कडा काढून टाकायच्या असतात. दरवर्षी त्या कडा आम्हां मुलांना मिळत. त्या वर्षी तिनं त्या पदराखाली घेतल्या, मागच्या दारानं गेली आणि काकांच्या मुलांच्या हातांत कोंबल्या. धाकटा घ्यायला तयार नव्हता. "पाप लागेल," म्हणाला. "हा अजून देवाचा झालेला नाही," आई म्हणाली. "नुसता पाव आहे. खा."

मग उपासना. छत्र्या खाली काढून ठेवल्या आणि मागच्या बाकावर काका बसले. सुलभाकाकूंना पाव घेता आला असता, पण त्याही तिथंच जाऊन बसल्या. ताट हातोहात बाकांवरून सरकत आलं, शेवटून दुसऱ्या बाकापाशी थांबलं आणि परतलं. स्टीफनसाहेबांनी ते परत नेऊन वेदीवर ठेवलं. ढोलकीवर दुसरं कुणीतरी होतं आणि ठेका मार खाऊन पळाल्यासारखा चालला होता. पुनरुत्थानाची गाणी सुरू झाली तेव्हा मागच्या बाकावरून काकांचा आवाज आला, नेहमीसारखा, भरदार, सुरात. काही लोकांनी मागं वळून पाहिलं. गाण्यालाही बंदी होती का, हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं.

हे मी आज लिहिते आहे. ते दुःखापेक्षा जास्त रागानं. आम्हांला लहानपणापासून सांगितलं जातं, देवाचं नीतिमत्त्व शोधा, तो पवित्र आहे तसे पवित्र व्हा. मी शोधते आहे. मला ते हवं आहे, तहानलेल्या माणसाला पाणी हवं असतं तसं. पण आम्ही त्याचे दोन तुकडे केले. पवित्रता घरी आणली, तिला स्वयंपाकघरात ठेवलं, ताटात काय आहे आणि ग्लासात काय आहे ते बघायला नेमलं. न्याय आग्रा रोडवर गेटाबाहेर सोडून आलो, पोलिसांच्या गाडीशेजारी. शास्त्र उघडून बघा, संदेष्टे या दोघांना कुठं वेगळं करतात? ते तर ओरडून सांगतात, तुमचे उपवास मला नकोत, आधी दडपलेल्याला मोकळं करा. आम्ही त्यांचे ते उतारे उपवासकाळातच वाचतो. सुरेख वाचतो. वाचून झालं की आमेन म्हणतो आणि गरीब निधीची पेटी कुलपात घालतो.

एका वसंतात एकाच माणसापुढं दोन दारं उभी राहिली, कंपनीचं आणि चर्चचं. दोन्ही दारांनी आत घेण्यासाठी सारखीच किंमत मागितली: एक लहानसं खोटं. दोन्ही दारांत तो माणूस नाही म्हणाला, आणि दोन्ही दारं बंद झाली. यातला योगायोग मला झोपू देत नाही. कंपनीनं तसं करावं, तिनं काही बाप्तिस्मा घेतलेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात लांबवण्यासारखं काही नाही. मेमध्ये पप्पांनी स्टीफनसाहेबांना गाठलं. काकांना कुठंतरी लावा म्हणाले. पप्पांना वाटलं, नियम पाळला, आता दया करू. साहेबांनी एका रविवारी मेहुण्याला बोलावून घेतलं. चर्चच्या अंगणात चौघे उभे होते, ठेकेदार, साहेब, काका आणि पप्पा. ठेकेदार म्हणाला, "टाक्या साफ करायचं काम आहे. उद्यापासून ये." काका म्हणाले, "येतो." माहुलच्या वाटेवर एक लहान केमिकल कारखाना होता. ऐन पावसात तिथल्या एका टाकीत गाळ काढायला काका उतरले आणि वर आले नाहीत. आत वायू साचला होता. दोरी नव्हती, तोंडाला फडकं होतं.

दफनविधी पप्पांनी नीट केला. दफनाला मागचा बाक लागू नाही, असा निर्णय त्यांनी एकट्यानं घेतला आणि कुणी विरोध केला नाही. स्टीफनसाहेबांनी निशिगंधाचं मोठं पुष्पचक्र पाठवलं. पेटी उचलायला आमच्या मंडळीतली माणसं पुढं होईपर्यंत चाळीतल्या कामगारांनी ती खांद्यावर घेतलीही होती. चिखलात पाय घसरत होते. माती लोटून झाल्यावर सावंतकाका पप्पांजवळ आले. पायांना लागलेली माती गवताला पुसत म्हणाले, "दादा, आता तरी ह्येका आत घेतलात ना?"

पुढच्या रविवारी पप्पा चर्चला आले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. सेक्रेटरीपद सोडलं. पाव आणि द्राक्षारस सोडला. पलंगाखालचे गठ्ठे तसेच राहिले, आणि 'दोन ताटं'चा गठ्ठा त्यांनी बंबात घातला. दरवर्षी पाळक येऊन समजावत, दरवर्षी पप्पा मान हलवत. मला त्यांचा अभिमान वाटायचा. कॉलेजात मी सगळ्यांना सांगायचे, माझ्या बापाला पश्चात्ताप म्हणजे काय ते कळलंय. मला वाटायचं, चौथ्या पानानंतरचं पान ते हेच.

यंदा मार्चमध्ये सुलभाकाकू आमच्या घरी आल्या. आता त्या एका नर्सिंग होममध्ये आया आहेत. ड्यूटीवरून सरळ आल्या होत्या, अंगाला फिनेलचा वास. बसल्या नाहीत. आईनं चहा पुढं केला, तो घेतला.

"भाऊजी, मंगळवारी तारीख आहे."

पप्पा म्हणाले, "वहिनी, तुम्हाला ठाऊक आहे. मी माझी शिक्षा भोगतोय. पण विश्वासणाऱ्यानं विश्वासणाऱ्याला कोर्टात..."

"तुम्ही मागं बसता, ते मी बघते," काकू म्हणाल्या. "पाच वर्षं बघते. बसा हवं तर. पण तुमच्या मागं बसण्यानं माझ्या पोराची फी भरत नाही, नि त्यांचं नावही धुऊन निघत नाही. तो माणूस कोर्टात सांगतो, दानिएल नावाचा कुणी नव्हताच. नव्हताच म्हणतो, भाऊजी. मग मी कुणाला पुरलं?"

त्यांनी कप बशीत ठेवला आणि गेल्या.

त्या संध्याकाळी मी बापाशी भांडले. मी म्हणाले, "पप्पा, हे पुन्हा तेच आहे. आधी त्याचं ताट बघितलंत, आता स्वतःचं बघताय. दोन्ही वेळा तुम्ही स्वच्छच." आई म्हणाली, "गप गं." मी गप्प बसले नाही. मी म्हणाले, "मंडळीची भांडणं मंडळीत मिटवा म्हणता, मग मिटवा ना. स्टीफनसाहेबांना बोलवा त्या तयारीच्या सभेत. विचारा. पाच वर्षं झाली, विचारलंत?" पप्पा खिडकीशी उभे होते. कापसाचा एक पुंजका गजाला अडकून हलत होता, तो त्यांनी काढला नाही, उडवला नाही. तिकडंच बघत म्हणाले, "विचारलं होतं. पहिल्याच वर्षी. तो म्हणाला, दादा, तुम्ही कशाला पडता यात? तुमचा आत्मा शांत ठेवा." मग म्हणाले, "आणि मला ते पटलं गं. बरं वाटलं."

मंगळवारी सकाळी त्यांनी रजेचा अर्ज माझ्या हाती दिला, वॉर्ड ऑफिसात पोचवायला. मी तो पोचवला आणि मागोमाग कोर्टात गेले.

कोर्ट म्हणजे एक लांबट खोली. पंखे उंचावर आणि वारा तिथल्या तिथंच. पप्पा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात होते. अंगणात कोण कोण उभं होतं, ठेकेदार काय म्हणाला, दानिएल काय म्हणाला, हे त्यांनी वॉर्ड ऑफिसातला दाखला वाचावा तसं सावकाश सांगितलं. स्टीफनसाहेब मागच्या रांगेत मेहुण्याजवळ बसले होते. पप्पांनी त्यांचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसायला काढला.

मग ठेकेदाराचे वकील उठले. त्यांना सगळं ठाऊक होतं. कुणी सांगितलं असेल, ते मी लिहीत नाही.

"तुम्ही चर्चचे सेक्रेटरी होता?"

"होतो."

"मयत दानिएल याला तुमच्या चर्चनं भोजनाच्या विधीपासून दूर ठेवलं होतं, खरं ना?"

"खरं."

"निर्णय कुणी दिला?"

"मी."

"म्हणजे तुमच्याच दृष्टीनं हा माणूस चांगल्या वर्तणुकीचा नव्हता. आणि आज त्याच्या बाजूनं तुम्ही शपथेवर बोलताय."

सुलभाकाकू माझ्या शेजारी होत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. पप्पांच्या मानेवरून घाम उतरताना मला दिसत होता. न्यायाधीशांनी टायपिस्टला मजकूर सांगायला सुरुवात केली. साक्षीदार कबूल करतो की मयत इसमास त्याने स्वतः चर्चच्या विधीपासून दूर ठेवले होते. यंत्राची खडखड थांबली.

माझ्या बापानं आयुष्यात कधी साहेबाला मध्ये तोडलेलं नाही. पंचवीस वर्षांची नोकरी त्यांनी मान खाली घालून केली. ते म्हणाले, "साहेब, वाक्य पुरं झालं नाही."

न्यायाधीशांनी वर पाहिलं. "काय राहिलं?"

"का ठेवलं ते राहिलं. आम्ही त्याला सांगत होतो, एवढं एक खोटं बोल. तो बोलला नाही. म्हणून ठेवलं. ते लिहून घ्या."

"याचा दाव्याशी काय संबंध?" वकील म्हणाले.

"माणूस कसा होता ते यांनी विचारलं," पप्पा न्यायाधीशांना म्हणाले. "तो असा होता."

न्यायाधीशांनी क्षणभर पेन टेबलावर आडवं ठेवलं. मग टायपिस्टकडं वळून म्हणाले, "घ्या."

निकाल लागलेला नाही. पुढची तारीख पावसाळ्यातली आहे आणि वकील म्हणतात, आणखी वर्ष सहज जाईल. स्टीफनसाहेब बाहेर पडताना आमच्याजवळून गेले, सलाम न करता. ईस्टरला ताट तेच फिरवतील, त्यात काही बदललेलं नाही.

जिन्यात सुलभाकाकू पुढं होत्या आणि पप्पा दोन पायऱ्या मागं. खालून उन्हाची झळ येत होती. पप्पा म्हणाले, "वहिनी, हे मी तेव्हाच, त्या शनिवारी, सगळ्यांसमोर म्हणायला पाहिजे होतं."

काकू थांबल्या नाहीत, मागं वळल्याही नाहीत.

"हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा ते ऐकायला होते."